पाठीचं जनुक नेमकं कोणतं? झेनोपसच्या भ्रूणात पाठ आणि पोट कसं ठरतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.एस्सी.ला झेनोपस या बेडकाच्या भ्रूणाबद्दल वाचताना व्हेगटी, सियामॉइस, गूसकॉइड, नॉगिन, चॉर्डिन अशी जनुकांच्या नावांची रांगच समोर येते. यातलं 'पाठीचं जनुक' कोणतं? सगळ्या पेशींत जनुकं तीच असताना ती एकाच बाजूला का चालू होतात? आणि ते जनुक काढून टाकलं तर भ्रूणाला पाठ उरतच नाही का?

आधी सरळ उत्तर देते. पाठीचं असं एक जनुक नाही. पाठीच्या बाजूला चालू होणारी आणि अतिशय गाजलेली जनुकं काही 'पाठ बनव' असा हुकूम सोडत नाहीत. त्यातल्या बहुतेकांची प्रथिनं पेशीबाहेर पडतात आणि दुसऱ्याच एका संदेशाला अडवतात. तो संदेश पोटाकडून येतो. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की कोणतं नाव कुठे बसवायचं ते पाठ करावं लागत नाही. मी बरीच वर्षं या भ्रूणांवर काम करत आले आहे, आणि विद्यार्थी अडतात ते नेमके इथेच.

सुरुवात मात्र जनुकांपासून करू नका, अंड्यापासून करा. झेनोपस लेव्हिस, म्हणजे आफ्रिकेतला नखवाला बेडूक. त्याचं अंडं साधारण सव्वा मिलिमीटरचं असतं. वरचा अर्धा भाग गडद तपकिरी, खालचा पिवळट पांढरा आणि बलकाने ठासून भरलेला. अंडं तयार होत असतानाच मादी त्यात काही एमआरएनए (जनुकांवरून उतरवलेले, प्रथिनं बनवायचे निरोप) खालच्या टोकाला, सालीलगत बसवून ठेवते. व्हेगटी आणि व्हीजी1 हे त्यातले दोन महत्त्वाचे. फलनानंतर 23 अंश तापमानाला पहिलं विभाजन दीड तासाने होतं, पुढची साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने. पहिली बारा विभाजनं होऊन सुमारे चार हजार पेशी तयार होईपर्यंत भ्रूणाची स्वतःची जनुकं जवळजवळ गप्प असतात. तोवर सगळा कारभार आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर चालतो. जॉन न्यूपोर्ट आणि मार्क किर्शनर यांनी 1982 मध्ये हा टप्पा नीट उलगडून दाखवला. पुस्तकात तो 'मिडब्लास्टुला ट्रान्झिशन' या नावाने येतो.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. पाठ कोणत्या बाजूला येणार हे भ्रूणाची जनुकं जागी होण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं, तेही पहिलं विभाजन पुरं होण्याआधी. शुक्राणू अंड्याच्या वरच्या अर्ध्या भागात कुठेही शिरू शकतो. तो शिरल्यावर अंड्याच्या खालच्या भागात सूक्ष्मनलिकांची समांतर जाळी तयार होते आणि अंड्याची बाहेरची साल आतल्या गराच्या मानाने सुमारे 30 अंशांनी सरकते. खालच्या टोकाशी असलेला काही ऐवज त्याबरोबर एका बाजूला वर नेला जातो. शुक्राणू जिथून शिरला त्याच्या साधारण समोरची ही बाजू. तीच पुढे पाठ होते.

यावरचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण तो 'सगळं जनुकांतच असतं' हा समज एका झटक्यात दूर करतो. साल सरकण्याआधी अंड्याच्या खालच्या टोकावर अतिनील किरण टाकले तर सूक्ष्मनलिका तयार होत नाहीत आणि साल सरकत नाही. अशा अंड्यातून डोकं, कणा, मेंदू यातलं काहीच नसलेला, नुसत्या पोटाचा गोळा तयार होतो. आता तेच किरण खाल्लेलं अंडं थोडा वेळ आडवं करून ठेवा. आतला जड बलक गुरुत्वाकर्षणाने घसरतो, साल आणि गर यांची जागा एकमेकांच्या मानाने बदलते, आणि बऱ्याच अंड्यांतून चांगले बेडूकमासे निघतात. एकाही जनुकाला हात न लावता पाठ परत मिळते.

एका बाजूला सरकलेल्या या ऐवजाचं काम काय? बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन भ्रूणात सगळीकडे तयार होत असतं आणि जीएसके3 हे एन्झाइम त्याच्यावर फॉस्फेटची खूण करून त्याला नष्ट करायला लावत असतं. पाठीच्या बाजूला ही मोडतोड थांबते, बीटा-कॅटेनिन साठतं आणि केंद्रकात शिरतं. 1994 मध्ये जॅनेट हीसमन आणि सहकाऱ्यांनी आईकडून आलेला बीटा-कॅटेनिनचा एमआरएनए अंड्यातून काढून टाकला, तेव्हा पाठीकडचं काहीच तयार झालं नाही. उलट टोकाचा प्रयोग लिथियमचा. 32 पेशींच्या सुमारास भ्रूण थोडा वेळ लिथियमच्या द्रावणात ठेवला तर जीएसके3 सगळीकडेच अडतं आणि चहूबाजूंनी डोकंच डोकं असलेला, धड नसलेला भ्रूण मिळतो. सालीबरोबर नेमकं काय सरकतं यावर कित्येक वर्षं वाद होता. 2018 मध्ये चिनी संशोधकांनी झेब्राफिशमध्ये 'हुलुवा' हे आईकडून येणारं जनुक शोधलं आणि ते झेनोपसमध्येही लागतं हे दाखवलं, तेव्हा चित्र बरंच स्पष्ट झालं.

भ्रूणाची जनुकं जागी होतात तेव्हा पेशी आधीच सारख्या उरलेल्या नसतात. खालच्या पेशींत व्हेगटी आहे, पाठीच्या बाजूला बीटा-कॅटेनिन आहे, आणि खाली पाठीकडच्या कोपऱ्यात दोन्ही आहेत. बीटा-कॅटेनिन सियामॉइस आणि ट्विन ही दोन जनुकं थेट चालू करतं. व्हेगटी नोडल गटातली जनुकं चालू करतं, आणि जिथे बीटा-कॅटेनिनही आहे तिथे नोडल जास्त तयार होतं. नोडल पेशीबाहेर पडून शेजारच्या पेशींना मध्यस्तर (भ्रूणाच्या बाहेरच्या आणि आतल्या थरांमधला थर) व्हायला सांगतं. जास्त मिळालं तर पाठीचा मध्यस्तर, म्हणजे पृष्ठरज्जू. कमी मिळालं तर पोटाकडचा, ज्यातून रक्त वगैरे होतं. खालच्या पेशी वरच्या पेशींना मध्यस्तर बनवायला लावतात हे डच भ्रूणशास्त्रज्ञ पीटर नियूकूप यांनी 1969 मध्येच, जनुकांचा पत्ताही नसताना, ॲक्सोलॉटल या शेपटीवाल्या उभयचराच्या भ्रूणाचे तुकडे एकमेकांना जोडून दाखवलं होतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ॲनिमल कॅपचा प्रयोग कुठेतरी प्रत्यक्ष बघाच. ब्लास्टुला अवस्थेत, म्हणजे भ्रूण पेशींचा पोकळ गोळा असताना, त्याच्या वरच्या टोकाचा चौकोनी तुकडा, म्हणजे ॲनिमल कॅप, कापतात. कापायला बरेच जण काचेच्या बारीक नळीत बसवलेला भुवईचा केस वापरतात. त्याचं टोक पेशींच्या थरातून अलगद वर ओढलं की थर स्वच्छ कापला जातो. पोलादाची चिमटी इथे फार जाड पडते. कापलेला तुकडा साध्या मिठाच्या द्रावणात ठेवला की कडा आत वळतात, तासा-दोन तासांत त्याची गोल गोळी होते आणि दुसऱ्या दिवशी ती त्वचा झालेली असते. तसाच दुसरा तुकडा ॲक्टिव्हिनच्या द्रावणात ठेवा. ॲक्टिव्हिन पेशीच्या त्याच ग्राहींवर (संदेश पकडणाऱ्या प्रथिनांवर) काम करतं ज्यांच्यावर नोडल करतं. रात्रभरात हा तुकडा लांबट होतो, मधे बारीक होतो, काही वेळा अगदी डंबेलसारखा दिसतो. मध्यस्तराच्या पेशी एकमेकींत घुसून लांब होतात त्याचा हा परिणाम. मात्रा बदलली की जनुकंही बदलतात: मध्यम मात्रेला ब्रॅक्युरी हे जनुक चालू होतं, जास्त मात्रेला ब्रॅक्युरी मागे पडून गूसकॉइड चालू होतं. एकाच पदार्थाची नुसती मात्रा पेशीचं नशीब ठरवते, हे तुकडे शेजारी-शेजारी ठेवून बघितल्यावर विसरणं शक्य नाही.

आता गूसकॉइड. फलनानंतर साधारण दहा तासांनी पाठीच्या बाजूला, विषुववृत्ताच्या थोडं खाली, एक काळसर बाकदार रेघ उमटते. ही ब्लास्टोपोरची (पेशी जिथून आत शिरतात त्या तोंडाची) वरची कड, म्हणजे डॉर्सल लिप. हान्स स्पेमान आणि हिल्डे मँगोल्ड यांनी हाच तुकडा एका भ्रूणातून काढून दुसऱ्याच्या पोटाकडे लावला आणि तिथे दुसरा अक्ष, म्हणजे मेंदू-कण्यासकट दुसरं शरीर, तयार झाला. दुसऱ्या अक्षातला मेंदू लावलेल्या तुकड्यातून न येता यजमानाच्या पेशींतून आला होता. हे 1924 चं काम. एक गोष्ट लक्षात ठेवा, परीक्षेत हमखास चुकतं: ते काम बेडकावर झालं नव्हतं. दोन वेगळ्या रंगांच्या जातींच्या न्यूटवर (शेपटी असलेल्या उभयचरावर) झालं होतं, म्हणूनच कोणती पेशी कोणाची हे ओळखता आलं. या तुकड्याला 'ऑर्गनायझर' म्हणतात. 1991 मध्ये एडी डी रॉबर्टिस यांच्या प्रयोगशाळेने या तुकड्यात चालू असलेलं गूसकॉइड वेगळं काढलं आणि त्याचा एमआरएनए भ्रूणाच्या पोटाकडच्या पेशींत टोचला, तर तिथे दुसरा अक्ष आला. तेव्हा वाटलं की पाठीचं जनुक सापडलं. पण गूसकॉइड केंद्रकात बसून इतर जनुकं बंद करणारं प्रथिन आहे. ते शेजारच्या पेशीला मेंदू व्हायला कसं सांगणार? बाहेर पडणारं काहीतरी हवं होतं.

ते पुढच्या तीन वर्षांत सापडलं, आणि एक नाही, तीन. रिचर्ड हारलंड यांच्या प्रयोगशाळेत 1992 मध्ये नॉगिन, 1994 मध्ये डी रॉबर्टिस यांच्याकडे योशिकी सासाई यांनी चॉर्डिन, आणि त्याच वर्षी अली हेमाती-ब्रिव्हानलू आणि डग्लस मेल्टन यांनी दाखवलेलं फॉलिस्टॅटिनचं काम. तिन्ही प्रथिनं ऑर्गनायझरमधून बाहेर पडतात. तिन्ही ॲनिमल कॅपला मज्जापेशी (मेंदू-मज्जारज्जूच्या पेशी) बनवू शकतात. साहजिकच सगळे त्यांचे ग्राही शोधायला लागले.

नॉगिन आणि चॉर्डिन यांना 'मज्जापेशी हो' असं ऐकणारा ग्राही लागतच नाही. दोघंही बीएमपी गटातल्या बीएमपी4 या प्रथिनाला (पोटाकडून येणारा तो संदेश हाच) घट्ट धरून ठेवतात आणि त्याला त्याच्या ग्राहीपर्यंत पोहोचू देत नाहीत. 1996 मध्ये हे दोन्ही प्रथिनांसाठी सिद्ध झालं. बाह्यस्तराच्या, म्हणजे भ्रूणाच्या बाहेरच्या थराच्या, पेशींना बीएमपी मिळालं तर त्या त्वचा होतात. नाही मिळालं तर मेंदू आणि मज्जारज्जू. याची खूण आधीच हाती होती. 1989 मध्ये होर्स्ट ग्रुन्झ आणि लोथार टाके यांनी ॲनिमल कॅपच्या पेशी सुट्या केल्या, काही तास वेगळ्या ठेवल्या आणि पुन्हा एकत्र केल्या. कोणताही ऑर्गनायझर जवळ नसताना त्या मज्जापेशी झाल्या, कारण सुट्या असताना त्यांच्यातला बीएमपीचा संदेश पातळ होऊन गेला होता. त्यात बीएमपी4 घातलं की त्या पुन्हा त्वचाच होतात. मला विचाराल तर बेडकाच्या भ्रूणाने जीवशास्त्राला दिलेली ही सर्वात मोठी गोष्ट आहे: ज्याला आपण सर्वांत गुंतागुंतीचा अवयव समजतो, त्याकडे या पेशी आपणहून झुकलेल्या असतात आणि त्वचा होण्यासाठीच त्यांना सांगावं लागतं. चित्र याहून थोडं अवघड आहे. एफजीएफ या दुसऱ्या एका प्रथिनाचा संदेशही लागतो, आणि तोही बीएमपीचा आतला निरोप कमजोर करतो. कोंबडीच्या भ्रूणावर काम करणारे त्याला जास्त महत्त्व देतात. पण झेनोपसपुरता गाभा हाच.

पोटाकडे बीएमपी जास्त आणि पाठीकडे कमी असं नुसतं म्हणून भागत नाही, कारण चॉर्डिन बीएमपीला धरून वाहूनही नेतं. चॉर्डिन आणि बीएमपीची जोडी बाह्यस्तर आणि मध्यस्तर यांच्यामधल्या, ब्राशे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फटीतून पोटाकडे सरकते. पोटाकडे टोलॉइड गटातलं एन्झाइम चॉर्डिनला कापतं आणि बीएमपी मोकळं होतं. पोटाकडे सिझल्ड नावाचं प्रथिन तयार होतं, ते पुन्हा या कापणाऱ्या एन्झाइमलाच आवर घालतं. आणि गंमत म्हणजे ऑर्गनायझरमध्ये स्वतः एक बीएमपीसारखं प्रथिन बनतं, एडीएमपी. बीएमपी कमी झालं की एडीएमपी वाढतं. ब्लास्टुला अवस्थेत भ्रूण दोन भागांत कापला तर पाठीकडच्या अर्ध्या भागातून लहान पण सगळे अवयव प्रमाणात असलेला बेडूकमासा मिळू शकतो, त्याचं कारण हे. भ्रूण प्रमाण राखतो ते या दोन टोकांच्या ताणातून.

आता तिसरा प्रश्न, जनुक काढलं तर काय. चॉर्डिन एकटं कमी केलं तर मज्जापट्टी (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू होतात ती) लहान होते, पण राहते. 2005 मध्ये मुस्तफा खोखा, हारलंड आणि सहकाऱ्यांनी झेनोपस ट्रॉपिकॅलिस या लेव्हिसच्या भाऊबंद जातीत नॉगिन, चॉर्डिन आणि फॉलिस्टॅटिन ही तिन्ही एकदम कमी केली, तेव्हा मज्जापट्टी आणि पाठीचा मध्यस्तर जवळजवळ गायब झाला. त्याच वर्षी ब्रुनो रेव्हर्साद आणि डी रॉबर्टिस यांनी उलट बाजू दाखवली: बीएमपी2, बीएमपी4, बीएमपी7 आणि एडीएमपी ही चारही काढली तर भ्रूणाचा सगळा बाह्यस्तर मेंदूकडे वळतो, त्वचा राहतच नाही. चारातलं एक शिल्लक असेल तरी भ्रूण बराचसा सावरतो.

पण याहून बोलका प्रयोग 2007 चा, डी रॉबर्टिस यांच्याच प्रयोगशाळेचा. गूसकॉइड कमी केलं तर डोकं लहान होतं, काही वेळा दोन डोळ्यांऐवजी एकच येतो. पोटाकडची व्हेंट1 आणि व्हेंट2 ही जनुकं कमी केली तर भ्रूण जोरात पाठीकडे झुकतो. तिन्ही एकदम कमी केली तर? भ्रूण जवळजवळ नेहमीसारखा वाढतो. म्हणजे गूसकॉइड नसल्याने जे बिघडत होतं ते बेलगाम झालेल्या व्हेंटमुळे, आणि व्हेंट नसल्याने जे बिघडत होतं ते बेलगाम झालेल्या गूसकॉइडमुळे. 'हे जनुक काढलं, तो अवयव गेला, म्हणून ते त्या अवयवाचं जनुक' हा तर्क इथे टिकत नाही. तुमच्या सेमिनारमध्ये एकच आकृती दाखवायची मुभा असेल तर हीच दाखवा.

डोकं-शेपटी ही दिशा थोडक्यात सांगते, कारण तत्त्व तेच आहे. तिथे मागे ढकलणारा मुख्य संदेश व्हिंट, सोबत एफजीएफ आणि रेटिनॉइक ॲसिड. डोकं हवं असेल तर बीएमपीसोबत व्हिंटही अडवावं लागतं. डिककॉफ1, फ्रझबी आणि सर्बेरस ही प्रथिनं ते काम करतात. सर्बेरस तर नोडललाही अडवतं. यातून प्रयोगशाळेत कामाला येणारी एक खूण मिळते. चार पेशींच्या अवस्थेत पोटाकडच्या पेशीत एमआरएनए टोचून दुसरा अक्ष आला, तर त्याला डोकं आहे का ते आधी बघा. फक्त बीएमपी अडवलं असेल तर बहुतेकदा नुसतं धड येतं. बीटा-कॅटेनिन किंवा सियामॉइस टोचलं असेल तर डोळ्यांसकट पूर्ण डोकं येतं, कारण त्याने अख्खा ऑर्गनायझरच नव्याने उभा राहिलेला असतो. पोटाकडची पेशी ओळखायची तर पेशींचा रंग बघा: पाठीकडच्या पेशी फिकट आणि जरा लहान असतात, पोटाकडच्या गडद आणि मोठ्या. सगळ्याच अंड्यांत हा फरक स्पष्ट नसतो. जी संशयास्पद वाटतात ती बाजूला काढा, टोचू नका.

ही यंत्रणा किती जुनी आहे याचा एक पुरावा आपल्या पुण्याचा आहे. आघारकर संशोधन संस्थेतल्या सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने हायड्रा या पाण्यातल्या साध्या, नळीसारख्या प्राण्यामधून नॉगिनसारखं जनुक वेगळं काढलं. माकोतो आसाशिमा यांच्या जपानी गटाबरोबर त्याचा एमआरएनए झेनोपसच्या भ्रूणात टोचला, तर तिथे दुसरा अक्ष आला. अतिनील किरणांनी पोटाचा गोळा झालेल्या भ्रूणांनाही त्याने काही अंशी सावरलं. हे काम 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. हायड्राला ना पाठ ना मेंदू, तरी त्याचं प्रथिन बेडकाच्या बीएमपीला अडवू शकतं. फळमाशीत चॉर्डिनचा भाऊबंद सॉग, पण तो पोटाकडे चालू होतो आणि माशीचा मज्जारज्जूही पोटाकडेच असतो. माणसात नॉगिनमध्ये बिघाड असला तर बोटांचे सांधे जुळून जातात, कारण सांध्याच्या जागीही बीएमपी अडवावंच लागतं.

प्रोजेक्टमध्ये जनुक बंद करण्याचा प्रयोग आखणार असाल तर जात विचारपूर्वक निवडा. लेव्हिसचा जीनोम 2016 मध्ये पूर्ण वाचला गेला आणि त्यात दोन पूर्वज जातींचे गुणसूत्रसंच एकत्र आहेत हे पक्कं झालं. बऱ्याच जनुकांच्या त्यात एल आणि एस अशा दोन प्रती असतात. मॉर्फोलिनो (एमआरएनएला चिकटून प्रथिन बनू न देणारा रेणू) किंवा क्रिस्परचा गाइड (जनुक कापणाऱ्या एन्झाइमला जागा दाखवणारा आरएनए) एकाच प्रतीला लागला तर दुसरी प्रत काम चालू ठेवेल आणि तुम्हाला वाटेल की या जनुकाचा काही परिणामच नाही. दोन्ही प्रतींचा क्रम शेजारी ठेवून गाइड निवडा, नाहीतर सरळ ट्रॉपिकॅलिस घ्या. त्याचे भ्रूण लहान आहेत, टोचायला हात बसावा लागतो, पण गुणसूत्रं दुहेरीच आहेत. आणि नियंत्रण म्हणून प्रत्येक वेळी त्याच जनुकाचा, मॉर्फोलिनो जिथे बसतो तो भाग बदललेला एमआरएनए टोचून भ्रूण सावरतो का ते बघा. हे केलेलं नसेल तर परिणाम त्या जनुकाचाच आहे असं लिहू नका.